पांढरं अस्वल नको, सातबारा दाखवा!



आषाढात माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामाला येते. इथे भारूड रंगतं. एकनाथांनी चारशे वर्षांपूर्वी अवघड वेदान्त सांगितला, तो विंचू, जोगवा, सासू-सुनेच्या बोलीत. कुणाला अडाणी ठरवलं नाही.

आज हवामानबदल सांगायला येणाऱ्यांचं काय? भिंतीवर वितळणारा हिमनग, त्यावर पांढरं अस्वल. शेवटी बायांना उपदेश: पाणी जपून वापरा, कापडी पिशवी घ्या. आणि वर तक्रार, ‘लोकांत जाणीवच नाही!’

जाणीव कुणाला नाही? ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत शेजारच्या पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा माणसं गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपला माळशिरस होता. सप्टेंबर २०२५ मध्ये याच जिल्ह्यात सीनेचा पूर घरात शिरला. हे डोक्यावर हंडा घेऊन आणि घरातला चिखल उपसून बाईने सोसलंय. तिला जाणीव कसली शिकवता?

तिला हवंय ते कारण. ते सोपं आहे. कोळसा-तेल जाळून हवा तापते. हवा एक अंश तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ धरते. म्हणून ती जमिनीची ओल शोषते आणि कोसळते तेव्हा एकदम कोसळते. दुष्काळ आणि महापूर ही सख्खी भावंडं आहेत. मात्र सगळंच हवामानावर ढकलू नका. बुजवलेले ओढे आणि कालव्याचं पाणी पिणारा ऊस यांचाही जाब विचारा. नाहीतर ‘निसर्गाचा कोप’ म्हणत सगळे सुटतील, आणि पाणी जपायचं तेवढं हंडेवालीने!

कारणानंतर येतो हक्क. पीक बुडालं की पंचनामा होतो आणि भरपाई सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. खुरपणारी, वेचणारी बाई तिथे कुठे आहे? भूमिहीन मजुरणीचे बुडालेले रोज तर कोणत्याच पंचनाम्यात नसतात. वेळापूरच्या देवळाचं नाव अर्धनारीनटेश्वर. देवाच्या निम्म्या अंगावर बाईचा हक्क आपण मानतो, मग निम्म्या शेतावर का नाही?

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाया जाणीवजागृतीची वाट पाहत बसल्या नव्हत्या. ‘काम द्या’ म्हणत त्या मोर्चात उतरल्या. त्या लढ्याच्या रेट्यातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. मागणी नेमकी असली की लोक जोडले जातात. नुसती भीती घातली की हात टेकून घरी बसतात.

म्हणून पुढच्या शिबिरात चित्रफितीने सुरुवात करू नका. आधी बायांना विचारा: उन्हाळ्यात पाण्यापायी किती तास जातात? यंदा उन्हाने, पावसाने किती रोज बुडाले? सातबाऱ्यावर नाव कुणाचं? उत्तरं मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहा. मग शास्त्र सांगा. आणि तोच कागद घेऊन ग्रामसभेत जा.

भारूड रचायला आपल्यातल्या पुष्कळ जणी समर्थ आहेत. पण त्या भारुडात या वेळी विंचू कोण, तेही नाव घेऊन सांगू या!