कुलूप उघडता आलं म्हणजे चोर झाला का?

मंडळी, विंचूरमधल्या कुठल्या पोरानं हौसेनं किल्लीशिवाय कुलूप उघडायला शिकायचं म्हटलं, की 'चोरीचे धंदे' म्हणून ओरड ठरलेली. माझा सरळ सवाल आहे. घरफोडीच्या बातमीत आम्ही नेहमी काय छापतो? 'कडीकोयंडा तोडून'! चोर कुलपातल्या पिना चाचपत बसत नाही. कटावणी घालतो आणि मोकळा होतो.

१८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज या अमेरिकन कारागिरानं ब्रामाचं 'अभेद्य' कुलूप उघडलं. ५१ तास लागले. पण कंपनीचा दावा उघडा पडला.

यात जादू नाही. हलका पीळ देत एकेक पिन वर सरकवायची, शेवटची बसली की कुलूप फिरतं. हे हाताला कळलं की माणूस नुसतं वजन बघून कुलूप घेत नाही.

नियम मात्र पक्का. कुलूप स्वतःचं, तेही दाराला न लावलेलं. रात्री घरफोडीची हत्यारं विनाकारण बाळगणाऱ्यासाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२२ आहेच.

पोरांच्या नावानं बोंबलण्याआधी आपल्या दाराचा कोयंडा हलवून बघा. हातात आला, तर दोष कुणाचा?