रात्र आहे, तर रात्रच दिसू दे!

आपल्या कॉलेजात कोणी नवा कॅमेरा घेतला की पुढचे टप्पे ठरलेले असतात. पहिल्या आठवड्यात तो कॅमेरा गळ्यातून उतरत नाही. दुसऱ्या आठवड्यात मावळता सूर्य, मेसचं मांजर आणि पानावरचा थेंब या तिघांचे मिळून चारशे फोटो निघतात. तिसऱ्या आठवड्यात मालक गंभीर चेहऱ्याने जाहीर करतो, "यार, या लेन्समध्ये काही दम नाही. नवीन घ्यायला पाहिजे." मी पण याच जमातीतला. फरक एवढाच की मला मांजरापेक्षा माणसांचे फोटो काढायला आवडतात, आणि ते सुद्धा रात्री. दिवसा लेक्चर, प्रॅक्टिकल आणि सबमिशनमधून मान वर काढायला वेळ कुणाला आहे? शिवाय होस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको, रात्री दहानंतर आपल्या कॅम्पसमध्ये एक निराळंच गाव जागं होतं. गेटवरचे वॉचमनकाका, मेसमध्ये उद्याची भाजी निवडणाऱ्या मावशी, गेटबाहेरचा चहावाला. आपण त्यांना रोज बघतो. पण गॅदरिंगच्या फोटोंमध्ये ते कुठेच नसतात.

यंदा इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून मी एका सिनियरकडून जुना डीएसएलआर आणि त्यासोबत ५० एमएमची एफ १.८ लेन्स घेतली. त्याच सुमारास माझ्या रूम पार्टनरने नवा फोन घेतला. मग काय, आमच्या रूममध्ये भारत-पाकिस्तान मॅच सुरू! रोज रात्री एकाच माणसाचा, एकाच जागी, दोन्हींनी फोटो. या मॅचमधून मला जे वाटायला लागलं तेच इथे मांडतोय. रात्रीच्या फोटोत किती अंधार ठेवायचा आणि माणसाचा रंग कसा दाखवायचा, हे मशीनने परस्पर ठरवू नये. ते ज्याचा फोटो आहे त्याला विचारून ठरावं.

आधी थोडा अभ्यासक्रम. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी नेहमीची झूम लेन्स ५० एमएमच्या आसपास फार तर एफ ५.६ इतकी उघडते. ही एफ १.८ पर्यंत उघडते. ५.६ भागिले १.८ म्हणजे सुमारे ३.१, त्याचा वर्ग साधारण ९.७. म्हणजे जवळजवळ दहापट प्रकाश! अर्थात फुकट काहीच मिळत नाही. माझ्या कॅमेऱ्यावर दीड मीटरवरून एफ १.८ ने फोटो काढला तर जेमतेम सहा सेंटिमीटरचा पट्टा शार्प येतो. डोळे स्पष्ट आले तर कान धूसर. त्यात समोरचा माणूस "झालं का रे?" म्हणत जरा पुढे झुकला की डोळे पण गेले.

इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी आणखी एक गंमत. मेसमधली चोकवाली ट्यूबलाइट ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, पण १/५०० चा शटर ठेवला की एक फोटो उजळ, दुसरा अंधारा, कधी मध्येच पट्टा. १/१०० किंवा १/५० ठेवला की लुकलुकीचं पूर्ण चक्र आत येतं आणि भांडण मिटतं. गेटवरचा जुना सोडियमचा दिवा तर वेगळाच प्राणी. त्याच्या प्रकाशात पिवळा-नारिंगी ठासून भरलेला, निळा जवळपास नाहीच. त्यामुळे व्हाइट बॅलन्स कितीही फिरवा, काकांचा निळा शर्ट निळा दिसत नाही. जो रंग दिव्यातच नाही तो सेन्सर कुठून आणणार? हे सगळं शिकायला मजा येते, यात वाद नाही.

खरा मुद्दा मात्र यापुढचा आहे. कॅमेऱ्यातला लाइट मीटर एक गोष्ट गृहीत धरतो, की समोरचं जग सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे. छायाचित्रणात हा करडा १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारा धरतात. आता रात्रीचं काळं आकाश, काळा डांबरी रस्ता आणि सावळा चेहरा त्याच्यासमोर आला की त्याला वाटतं, हा पेपर फारच कमी मार्कांचा आहे! मग तो ग्रेस मार्क देऊन सगळ्यांना पास करून टाकतो. म्हणून रात्री मी एक्सपोजर मुद्दाम एक स्टॉप खाली ओढतो. तेव्हा कुठे रात्र रात्रीसारखी दिसते.

फोनचा नाइट मोड याच्या कितीतरी पुढे गेलाय. गूगलने २०१८ मध्ये नाइट साइट आणलं, २०१९ मध्ये आयफोन ११ मध्ये नाइट मोड आला, आणि आता बहुतेक फोनमध्ये ही सोय असते. तंत्र खरोखर सुंदर आहे. एकामागोमाग अनेक फ्रेम घ्यायच्या, हात हलला असेल तर त्या जुळवायच्या आणि सरासरी काढायची. नॉइज फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो. नऊ फ्रेम घेतल्या तर तो एक तृतीयांश! सिग्नल प्रोसेसिंगच्या लेक्चरला झोपणाऱ्यांनी नोंद घ्यावी. हे ज्यांनी केलं त्यांना माझा साष्टांग नमस्कार. पण इतका प्रकाश हातात आला की फोनला स्वतःला आवर घालता येत नाही. त्यात कारखान्यातूनच ब्यूटी फिल्टर चालू आलेला असेल तर विचारूच नका.

वॉचमनकाकांचा फोटो बघा. फोनच्या फोटोत आकाश निळसर, मागच्या पिंपळाचं पान न् पान मोजता येईल असं, आणि काकांच्या कपाळावरच्या आठ्या गुल. रंग दोन छटा उजळ. काकांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "चांगलाय. पण हा मी न्हाई, माझा धाकटा भाऊ वाटतो." मग कॅमेऱ्यातला दाखवला. एफ १.८, १/६०, आयएसओ १६००. अर्ध्या चेहऱ्यावर सोडियमचा उजेड, पांढरी मिशी, टोपीची सावली, मागे अंधार. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "यात ड्युटी दिसती." त्यांनी तोच फोटो मागून घेतला, गावी पाठवायला. एका शब्दात त्यांनी जे समीक्षण केलं ते मला दहा ओळींत जमलं नसतं.

मेसच्या मावशींची गोष्ट निराळी. त्या आधी फोटो काढूच देत नव्हत्या. "माझा नको रे बाबा, मी फोटोत काळी येते." हे वाक्य तुम्हीही घरात ऐकलं असेल, आईकडून, आत्याकडून. नीट ऐका. त्या 'मी काळी आहे' असं म्हणत नाहीत, 'काळी येते' म्हणतात. म्हणजे ही तक्रार फोटोबद्दलची आहे, आणि तांत्रिकदृष्ट्या ती शंभर टक्के बरोबर आहे! रंगीत फिल्मच्या काळात लॅबमध्ये प्रिंटचे रंग जुळवायला एक नमुन्याचं कार्ड असायचं. १९५० च्या दशकापासून कोडॅकने पाठवलेल्या या कार्डांवर गोऱ्या बाईचा फोटो असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्यांना 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कातडी बरोबर आली की मशीन बरोबर. सावळ्या माणसांचे चेहरे अंधारात बुडाले तर तो त्यांचा प्रॉब्लेम. पुढे गडद तपकिरी छटा सुधारल्या त्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिराती करणाऱ्यांच्या तक्रारी होत्या, असं कंपनीतल्याच लोकांनी नंतर सांगितलं आहे. वेगवेगळ्या वर्णाच्या स्त्रिया असलेली कार्डं १९९० च्या दशकात आली. म्हणजे आपल्या मावश्या-आत्या वर्षानुवर्षं लाजून बाजूला सरत होत्या, आणि दोष मात्र कार्डाचा होता.

आता कोणी म्हणेल, ते फिल्मचे दिवस गेले. गेले खरे, पण कार्डाच्या जागी आता डेटा आलाय. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोघींनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणारी तीन कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत सगळ्यात जास्त चूक निघाली ०.८ टक्के. गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. सुधारणा होतच नाहीत असंही नाही. २०२१ मध्ये गूगलने पिक्सेल ६ बरोबर 'रिअल टोन' आणलं ते याच कारणासाठी. म्हणजे मनात आणलं तर हे जमतं. आणि उद्या हे कोड लिहिणारे कोण? इथेच बसलेत, तिसऱ्या मजल्यावर, कॅरम खेळत!

तर मावशी एकदाच्या तयार झाल्या. मेसच्या पांढऱ्या टाइल्सवरून परतणाऱ्या उजेडात मी त्यांचा फोटो काढला. रंग त्यांचाच, चमक त्यांचीच. मला विचाराल तर या वर्षातला माझा सगळ्यात चांगला फोटो. पार्टनरने फोनवर काढला. दोन्ही समोर ठेवले. मावशींनी फोनवाला उचलला! म्हणाल्या, "हा दे. कामाच्या साडीतला फोटो घरात लावायचा, तर जरा उजळ तरी असू दे." पार्टनरने रूमभर नाचून घेतलं. "हरलास! तुझी थिअरी मेसमध्येच फेल!"

मला नाही वाटत. मी त्यांना फोनचाच फोटो प्रिंट करून दिला आणि आनंदाने दिला. कारण मावशींनी दोन्ही पाहिले आणि मग ठरवलं. स्वतःचा चेहरा कसा दिसावा हे सांगायचा हक्क त्यांचा आहे, तो माझ्या लेन्सचाही नाही. 'लोकांनाच गोरं दिसायला आवडतं' असं म्हणून कंपन्या फिल्टर चालू करून पाठवतात. आवडत असेलही. पण काकांना ते आवडलं नव्हतं, आणि फोनने त्यांनाही विचारलं नव्हतं. न विचारता दिलेल्या ग्रेस मार्काचा अर्थ एवढाच, की तुम्ही आहात तसे नापास आहात.

न विचारण्याची सवय या कलेला पहिल्यापासूनच आहे. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर निघाली. ती घेऊन जेकब रीस हा पत्रकार न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत रात्री शिरला आणि अंधाऱ्या खोल्यांत दाटीवाटीने झोपलेल्या लोकांवर त्याने अचानक उजेड पाडला. १८९० च्या त्याच्या पुस्तकाने शहर हादरलं, वस्त्यांच्या सुधारणेला जोर आला, हे मान्यच. पण त्या फोटोंतले दचकलेले, डोळे चोळणारे चेहरे बघितले की वाटतं, यांना कोणी विचारलं होतं का? आज आपण टपरीवर झोपलेल्या पोऱ्याचा फोटो काढतो, खाली एखादी करुण ओळ लिहितो आणि लाइक मोजतो. रीसने निदान सुधारणा तरी मागितल्या होत्या.

म्हणून माझ्या फोटोवाल्या भाईबंदांना चार विनंत्या. एक, आधी विचारा. "काका, तुमचा एक फोटो काढू का?" एवढंच. नाही म्हणाले तर चहा पिऊन परत या. दोन, फोनमध्ये ब्यूटी फिल्टर असेल तर तो बंद करा आणि स्क्रीनवर एक्सपोजर खाली ओढायची सोय असेल तर ती वापरा. त्याला नवीन लेन्स लागत नाही. तीन, दोन-तीन फोटो दाखवा आणि निवड त्यांना करू द्या. चार, प्रिंट द्या. चार बाय सहाचा प्रिंट आपल्या एका वडापावाच्या आसपास पडतो, आणि तो घरातल्या भिंतीवर वर्षानुवर्षं राहतो.

आणि कॉलेजला, म्हणजे हे वाचणाऱ्या सरांना आणि मॅडमना, एक सूचना. गॅदरिंगच्या फोटो प्रदर्शनात दरवर्षी किल्ले असतात, धबधबे असतात, सूर्यास्त तर घाऊक असतात. यंदा एक भिंत 'रात्रपाळी'ला द्या. गेट, मेस, लॅबचे अटेंडंट, पहाटे झाडलोट करणाऱ्या ताई. प्रत्येकाचा त्यानेच निवडलेला फोटो, खाली त्याने सांगितलं तसं त्याचं नाव, आणि उद्घाटनाला पहिल्या रांगेत तीच मंडळी. प्रदर्शन संपलं की फोटो ज्याचा त्याला. खर्च किरकोळ आहे, वर्गणी मी गोळा करतो.

पटलं तर नाव नोंदवा. नाही पटलं तर रात्री दहानंतर टपरीवर या, निवांत वाद घालू. चहा माझ्याकडून. पण फोन आणलात तर त्यातला नाइट मोड आधी बंद करून या!