चार तासांची रात्र

परवा पुण्याहून मामेभावाचा फोन आला. "दादा, मशीन घेतलं खरं, पण रात्री मास्क मी कधी काढून फेकतो हेच कळत नाही. सकाळी पाहावं तर पलंगाखाली!"

मला हसू आलं. दोन वर्षांपूर्वी माझाही तिथंच सापडायचा. त्याला जे फोनवर सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितोय. आमच्या घराण्यात घोरणाऱ्यांची कमी नाही, त्यामुळे कुणाच्या ना कुणाच्या उपयोगी पडेलच. :)

आधी माझी कथा थोडक्यात. घोरणं म्हणजे गाढ झोप, असंच शिरड शहापुरात सगळे मानतात. मीही मानायचो. अंगणात बाज टाकली की माझा आवाज चार घरं पलीकडे जायचा आणि लोक म्हणायचे, "मास्तर सुखी माणूस." पण हा सुखी माणूस सकाळी जड डोक्यानं उठायचा, दुपारी तासाला फळ्याकडे तोंड करून जांभया द्यायचा आणि रात्री तीन-तीनदा लघवीला उठायचा. साखर तपासली, ती ठीक निघाली. मग एकदा वसमतहून गावाकडे येताना मोटारसायकलवर डोळा लागला आणि गाडी सरळ हळदीच्या वावरात. खरचटण्यावर निभावलं. त्या रात्री सौ. जागी राहिली आणि सकाळी म्हणाली, "अहो, तुम्ही घोरता त्याची मला भीती वाटत नाही. मधेच घोरायचं थांबता ना, त्याची वाटते."

नांदेडला तपासणी झाली. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाशी नळी लावून एक रात्र झोपायचं. निकाल आला: तासाला ४२ वेळा श्वास अडतो. ३० च्या वर गेलं की आजार तीव्र समजतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू घाबरून आपल्याला जागं करतो. क्षणभरच, त्यामुळे सकाळी आठवत काहीच नाही. लघवीचंही कोडं तिथंच सुटलं. श्वास कोंडला की हृदयावर ताण येतो, ते एक संप्रेरक सोडतं आणि मूत्रपिंडं रात्रीही कामाला लागतात.

उपाय म्हणजे हे सीपॅप मशीन. १९८१ साली ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी त्याचा पहिला अहवाल छापला. कल्पना साधी आहे. खोलीतलीच हवा थोड्या दाबानं नाकातून सोडायची, म्हणजे घशाची वाट मिटत नाही. यात ऑक्सिजनचं सिलिंडर नसतं. हे मुद्दाम सांगतो, कारण २०२१ च्या करोनानंतर तोंडावर मास्क दिसला की आपल्याकडे रडारड सुरू होते. आईनं पहिल्या रात्री डोळ्यांना पदर लावला होता, "लेकरा, हे काय रे लावलंस नाकाला?" नातवानं मात्र एका शब्दात विषय संपवला. "बाप्पा!" सोंडेमुळे.

मशीन देणाऱ्यानं बटन दाखवलं, पैसे मोजून घेतले आणि गेला. माझी तक्रार इथंच सुरू होते. बटन कुणीही दाबेल हो, पण रात्री अडीच वाजता नाकातून वारा सुटलेला असताना, तोंडाला कोरड पडलेली असताना, पुन्हा झोपायचं कसं, हे कुणीच सांगत नाही. आणि मग मशीन कपाटावर जातं.

मी ते हळूहळू शिकलो. दिवसा, जागेपणी, टीव्ही बघत अर्धा-अर्धा तास मास्क लावून बसलो. घुसमट त्यानंच गेली. पट्टे करकचून आवळायची खोड सोडली. आवळल्यानं गळती थांबत नाही, उलट मास्क वाकडा बसतो आणि हवा डोळ्यांत जाते. नाक चोंदलं असेल तर आधी नाकाकडे बघायचं. तोंड उघडं राहत असेल तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क मिळतो. थंडीत नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज येतो, तेव्हा पाण्याच्या भांड्याची ऊब कमी करायची आणि नळी पांघरुणात घ्यायची. आपल्याकडे धुळीला तोटा नाही, म्हणून गाळणी वरचेवर बघायची. लाईट गेली तर इन्व्हर्टर. भांड्याची ऊब बंद ठेवली तर मशीन वीज फार खात नाही. दाब मात्र आपल्या मनानं बदलायचा नाही, ते डॉक्टरांचं काम. आणि झोप लागावी म्हणून 'थोडीशी' घ्यायची तर अजिबातच नाही. दारूनं घसा आणखी सैल पडतो.

आता मूळ मुद्दा. अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आहे. तिच्या नियमात ७० टक्के रात्री किमान ४ तास मशीन लावलं, की रुग्ण ते नीट वापरतो असं धरतात. विम्याच्या हिशेबाला हे ठीक असेल. पण आपल्याकडेही लोक "चार तास झाले, बास" म्हणून मास्क काढतात, आणि मला हे पटत नाही. स्वप्नांची झोप जास्त करून पहाटेकडे येते. त्या झोपेत स्नायू सगळ्यात ढिले असतात आणि बहुतेकांचा श्वास तेव्हाच जास्त अडतो. म्हणजे पहाटे तीनला मास्क काढणं हे राखणदारानं मध्यरात्रीपर्यंत वावर राखून, नेमकी डुकरं यायच्या वेळेला घरी जाण्यासारखं आहे.

म्हणून माझा नियम एकच. जाग आली तर येऊ द्या. घड्याळ बघू नका. उठा, पाणी प्या, लघवीला जाऊन या, पण परत मास्क लावूनच आडवं व्हा. रात्रभर सलग झोप पहिल्याच महिन्यात लागेल ही अपेक्षाच ठेवू नका. मला चार महिने लागले. नंतर एके दिवशी उजाडलं तेव्हा ध्यानात आलं, की रात्री आपण एकदाही उठलो नाही.

हे इतकं पोटतिडकीनं का सांगतोय? १५ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री मुंबईत बप्पी लाहिरी गेले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. बातमी वाचून मला आमचे थोरले काका आठवले. भरदार अंगाचे, बसल्या बसल्या डुलकी घेणारे, घोरणं वाड्याबाहेर ऐकू येणारं. एका पहाटे ते उठलेच नाहीत. सगळे म्हणाले, "पुण्यवान माणूस, झोपेत गेला." मीही म्हणालो होतो. काकांना नेमकं काय झालं होतं हे आता कळायचं नाही, आणि काकूंना तर हे कधीच बोलून दाखवणार नाही. पण 'झोपेत गेला' हे शब्द ऐकले की आता मला पूर्वीसारखं बरं वाटत नाही.

त्याच काकांचा मुलगा गेल्या दिवाळीत आमच्या ओसरीवर झोपला होता. घोरता घोरता थांबला. मी मोजत राहिलो... बारा, तेरा, चौदा. मग दचकून श्वास घेतला त्यानं. सकाळी चहाला बसल्यावर त्याला सांगितलं, तर हसण्यावारी नेलं.

बाबा रे, हे तू वाचत असशील तर या रविवारी ये. नांदेडला मी येतो तुझ्यासोबत.