विश्लेषण : संगणक का कोसळला, हे त्याच्या नोंदींनाच विचारावे लागते

लखनौ : १९ जुलै २०२४ रोजी देशभरातील विमानतळांवर चेक-इनचे संगणक एकापाठोपाठ एक बंद पडले आणि पडद्यांवर केवळ निळा रंग उरला. येथील चौधरी चरण सिंह विमानतळावरील सेवेलाही त्याची झळ बसली. अनेक ठिकाणी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. हा सायबर हल्ला तर नव्हे, अशी शंका लगेच व्यक्त झाली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने त्याच दिवशी ती फेटाळली. परंतु नेमके काय बिघडले, याची पडताळणी संगणकांनी कोसळताना मागे ठेवलेल्या नोंदींवरूनच झाली.

भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी कंपनीने आपल्या सुरक्षा प्रणालीसाठी एक सदोष फाइल पाठवली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांना तिचा फटका बसला. स्मृतीची स्थिती जतन करणाऱ्या ‘क्रॅश डंप’ फाइल्स तपासल्यावर दिसले, की सुरक्षा प्रणालीच्या ड्रायव्हरने स्मृतीच्या हद्दीबाहेरचे वाचन केले होते. ६ ऑगस्टच्या अहवालात कंपनीने मूळ कारण सांगितले : एका भागाची अपेक्षा २१ मूल्यांची होती, त्याला प्रत्यक्षात २०च मिळाली.

या घटनेशेजारी लखनौतील आणखी एक घटना ठेवून पाहावी. एप्रिल २०२३ मध्ये येथेच मुख्यालय असलेल्या उत्तर प्रदेश राज्य रस्ते परिवहन महामंडळाची तिकीट यंत्रणा सायबर हल्ल्यामुळे ठप्प झाली आणि वाहकांवर कागदी तिकिटे फाडण्याची वेळ आली. रांगेतील प्रवाशाच्या दृष्टीने दोन्ही प्रसंग सारखेच. उपाय मात्र परस्परविरुद्ध. पहिल्या प्रसंगात संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून सदोष फाइल काढणे पुरेसे होते. हल्ल्याच्या प्रसंगी बाधित यंत्रे जाळ्यापासून तोडून पुरावा जसाच्या तसा राखावा लागतो. कारण न ओळखता केलेली दुरुस्ती म्हणूनच नुकसान वाढवू शकते.

रोजच्या कार्यालयीन वापरातही हाच न्याय लागू पडतो. विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ४१ क्रमांकाची नोंद दिसली, की दोष वीजपुरवठ्याच्या माथी मारला जातो. वास्तविक ही नोंद एवढेच सांगते, की संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. तिच्या तपशिलातील ‘बगचेक कोड’ शून्य असेल, तर वीज खंडित होणे किंवा यंत्र पूर्ण गोठणे, या शक्यता पुढे येतात. तो शून्य नसेल, तर निळ्या पडद्याची घटना घडलेली असते आणि १००१ क्रमांकाची नोंद डंप फाइल कोठे आहे, ते दाखवते. ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या नोंदी हार्डवेअरमधील दोष दर्शवतात, तर डिस्कची ७ क्रमांकाची नोंद खराब भागाचा इशारा देते. कोसळण्याच्या क्षणाआधीच्या काही मिनिटांतील नोंदी क्रमाने वाचणे, हा निदानाचा खरा मार्ग होय.

अडचण अशी, की हा पुरावा अल्पायुषी असतो. विंडोजची सिस्टम नोंदवही सामान्यतः २० एमबीची असते. ती भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात. बंद पडलेला संगणक ‘फॉरमॅट’ करून परत देण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. त्यात काम तात्पुरते सुरू होते, पण कारण कायमचे हरवते आणि तोच बिघाड पुन्हा उद्भवला, तर तपास शून्यापासून करावा लागतो.

सायबर सुरक्षा संस्था सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सरकारी संस्था, कंपन्या आणि डेटा सेंटर यांना नोंदी १८० दिवस जपणे, ठरावीक सायबर घटना ६ तासांत कळवणे आणि यंत्रांची घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवणे बंधनकारक केले. घड्याळांची अट किरकोळ वाटते. पण दहा यंत्रांची वेळ जुळत नसेल, तर प्रथम कोणते कोसळले, हे ठरवताच येत नाही.

हे निर्देश सुरक्षेसाठी असले, तरी त्यांतील शिस्त साध्या बिघाडालाही उपयोगी आहे. नोंदींची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवणे आणि फॉरमॅट करण्यापूर्वी डंप फाइल काढून घेणे, या दोन अटी देखभालीच्या करारात सहज घालता येतात. तिकीट, उपचार, दाखला आणि निवृत्तिवेतन संगणकावर अवलंबून असताना तो का कोसळला, हे जाणून घेण्याचा हक्क रांगेत ताटकळणाऱ्या नागरिकालाही आहे. नोंदीच पुसल्या गेल्या, तर त्याला उत्तर देणार कसे?