फडावर गेलेले बाळ आणि राहिलेला डोस

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘सायटोकाइन स्टॉर्म’ हा शब्द घरोघरी पोहोचला. टॉसिलिझुमॅब हे इंजेक्शन शोधत नातेवाईक शहरोशहरी फिरले. ते इंटरल्युकिन-६ या सायटोकाइनचे काम रोखते. त्यामुळे सायटोकाइन म्हणजे काहीतरी घातक, असा समज रुजला. वास्तविक १९८६ मध्ये ओसाका विद्यापीठात हिरानो आणि किशिमोतो यांच्या गटाने इंटरल्युकिन-६चे जनुक वेगळे केले, तेव्हा शोध चालला होता तो बी पेशींना प्रतिपिंडे तयार करायला लावणाऱ्या घटकाचा.

सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. बाळाच्या मांडीत लस टोचली की तिचा अंश जांघेतल्या लसिका ग्रंथींत पोहोचतो. बी पेशी घाईने आयजीएम ही पहिली प्रतिपिंडे काढतात. ती फार टिकत नाहीत. मग मदतनीस टी पेशी त्यांना भिडतात आणि इंटरल्युकिन-४, इंटरल्युकिन-२१ सोडतात. त्या निरोपावर बी पेशी टिकाऊ आयजीजी बनवू लागतात, काही स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात. हे काही आठवड्यांचे काम, म्हणून दोन डोसांत अंतर. पुढचा डोस याच स्मृतिपेशींना जागे करतो. (‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काढ्यांना हा नेमकेपणा जमत नाही.)

बीड जिल्ह्यात हे अंतर ऊसतोडीच्या हंगामात सापडते. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे निघतात. पेंटाव्हॅलंटचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना. ऑगस्टच्या मध्यात जन्मलेल्या बाळाचा पहिला डोस गावात होतो, उरलेल्यांच्या वेळी ते कोपीवर असते. दोष आईचा नाही. खाडा झाला की पैसे कापले जातात. मुकादमाच्या यादीत कोयते मोजलेले असतात, लेकरे नाहीत. आरोग्य खात्याने दसऱ्याआधीच आशाताईंकडून जाणाऱ्या बाळांची यादी घ्यावी, ती कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावी आणि लसीकरण कोप्यांवर संध्याकाळी करावे. सकाळी दहाचे सत्र फडात राबणाऱ्या आईच्या काय कामाचे?

डोस हुकला म्हणजे आधीचाही वाया गेला, असे समजून काही जण परतल्यावर केंद्राकडे फिरकत नाहीत. तसे नसते. काही महिन्यांच्या उशिराने स्मृतिपेशी पुसल्या जात नाहीत. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेल्या डोसापासून पुढे दिले जाते. मधल्या काळात मात्र घटसर्प आणि डांग्या खोकल्यापासून बाळाला पुरते संरक्षण नसते, म्हणून पाडव्याला गावी परतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याला केंद्रात न्यावे, कार्ड हरवले असले तरी.