उधाणाचे गणित आणि खारभूमीचा बांध

तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळेल. कोकण किनाऱ्यावर हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आला आहे: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. यात रोज पंचेचाळीस मिनिटांचा उशीर धरलेला आहे. चंद्राच्या चालीने तो सरासरी पन्नास मिनिटांच्या आसपास पडतो. म्हणजे थोडी चूक पत्करून समुद्राचे वागणे एका गुणाकारात बसवले, आणि पुनव-अवसेला हिशेब नव्याने सुरू होत असल्यामुळे ती चूक साठतही नाही. गणिती प्रतिरूप म्हणतात ते याहून वेगळे नाही. रायगडच्या खारभूमीचा आणि तिवरांचा गुंता सोडवायला याच जातीचे, पण अधिक खोल गणित लागेल. ते काम इथल्या विद्यापीठांनी अंगावर घेतले पाहिजे.

टोकाच्या परिस्थितीतले जीवन म्हटले की आपल्याला अंटार्क्टिका किंवा वाळवंट आठवते. रायगडातल्या धरमतरच्या खाडीतला चिखलही त्याच पंक्तीतला आहे. दिवसातून दोनदा तो खाऱ्या पाण्याखाली जातो, दोनदा उघडा पडतो. मे महिन्यात पाणी खारट जहर, तर जुलैच्या पुरात जवळजवळ गोडे. वरचा पातळ थर सोडला तर चिखलात प्राणवायू नाही, म्हणून तिवराची मुळे पेन्सिलींसारखी वर येऊन श्वास घेतात. कोरड्या दिवसांत त्याचे पान उलटून पाहावे: झाडाने बाहेर टाकलेल्या मिठाचे बारीक कण तिथे चमकतात. ओहोटीला निवट्या ओल्या कातडीतून हवा घेत चिखलावर उड्या मारत असतात. आणि याच खाडीला लागून, बाहेरकाठ्याच्या म्हणजे खाडीकडच्या बांधाच्या आत, उधाणाच्या पातळीखाली भाताची शेते आहेत. पावसाळा त्यांतले मीठ धुतो, ते पाणी ओहोटीला उघाडीतून म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून खाडीत जाते. दिवाळीनंतर जमीन तापू लागली की मीठ पुन्हा वर चढते. एवढ्या मिठात तग धरणारा राता भात इथल्या शेतकऱ्यांनी जपला आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ हे वाण दिले.

भाताच्या सोसण्याला मात्र मर्यादा आहे आणि ती मोजलेली आहे. सर्वसाधारण भातासाठी मातीची क्षारता ३ डेसिसीमेन्स प्रति मीटरपर्यंत असेल तर उत्पन्न टिकते. त्यापुढे प्रत्येक एककाला ते सुमारे १२ टक्क्यांनी घटते. सातच्या आसपास निम्मे पीक गेले. ही सरळ रेषा झाली. बांधाला खांड पडली की गोष्ट सरळ राहत नाही. खांड लगेच बुजवली तर पाऊस मीठ धुऊन नेतो. राहू दिली तर प्रत्येक उधाण मीठ आणते, गाळ आणते, तिवराचे बी आणते. तिवर गाळ धरून ठेवतो, गाळात आणखी तिवर रुजतो. मग खांड बुजवूनही शेत परतत नाही. एकाच परिस्थितीत परिसंस्थेला दोन स्थिर अवस्था असू शकतात आणि त्यांच्यामध्ये उंबरठा असतो, हे रॉबर्ट मे यांनी १९७७ साली गणिताने मांडले होते. रायगडात हा उंबरठा कायद्याचाही आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने कांदळवनाला आणि त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्याला संरक्षण दिले. ते योग्यच आहे. वादळलाटा अडवणारी आणि माशांची पिल्ले वाढवणारी ही झाडे तोडायची नाहीत. पण सातबाऱ्यावर भात आणि जमिनीवर तिवर, अशा कात्रीत सापडलेल्या शेतकऱ्याला ‘निसर्गाने जागा परत घेतली’ एवढेच सांगून भागणार नाही. इथला शेतकरी हक्कासाठी लढलेला आहे: चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे संप केला तो याच खारपट्ट्यात. कोणती खांड किती उधाणांच्या आत बुजवली तर शेत वाचते, आणि कोणती जागा तिवरांना देऊन मालकाला मोबदला देणे शहाणपणाचे, हे मोजून सांगता आले पाहिजे.

निसर्ग समीकरणात मावत नाही, असे यावर कोणी म्हणेल. पुढच्या वर्षी अमुक शेतात किती तिवर उगवतील हे गणित नेमके सांगणार नाही, हे खरेच. पण उंबरठा जवळ आला का, एवढे कळले तरी बांधाच्या कामाचा क्रम बदलेल. दुसरी शंका अधिक गंभीर आहे: आकडेवाले येतील आणि गावाचे शहाणपण बाजूला पडेल. माधव गाडगीळांचे उदाहरण याच्या उलट आहे. हार्वर्डमध्ये गणिती परिसरशास्त्रात डॉक्टरेट मिळवून आलेल्या या माणसाने कर्नाटकात कागद गिरण्यांसाठी होणाऱ्या बांबूतोडीचा अभ्यास केला. बेटाच्या बुंध्याची काटेरी जाळी साफ केली की बांबू जोमाने वाढतो, असे गिरणीवाले धरून चालले होते. काटे गेले की कोवळे कोंब जनावरे खातात, असे गावकरी सांगत. मोजणीत गावकरी खरे ठरले. गणित येत होते म्हणूनच कोणाचे म्हणणे तपासून पाहायचे हे त्यांना कळले.

आधी बांधाला पैसे द्या, समीकरणे नंतर, हा आक्षेप सर्वांत रास्त वाटतो. पण पैसे अपुरे आहेत म्हणूनच आधी कोणता बांध, हा प्रश्न येतो, आणि तो अंदाजाने सोडवला की ज्याचा आवाज मोठा त्याची खांड आधी बुजते. यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि पनवेलचे केंद्र जिल्ह्यातच आहेत. मुंबई विद्यापीठाचा गणित विभाग खाडीपलीकडे आहे. पहिल्या वर्षी एवढेच करावे. चार उघाड्यांशी मापाची काठी रोवावी, क्षारता मोजायचे हातातले यंत्र गावातल्याच दोन मुलांच्या हाती द्यावे आणि प्रत्येक उधाणाला व भांगाच्या लहान भरतीला पाण्याची पातळी, मातीचे मीठ आणि तिवराची नवी रोपे एका वहीत उतरवावीत. उघाडी राखणाऱ्या माणसाचे नाव त्या वहीच्या पहिल्या पानावर, संशोधकांच्या बरोबरीने असावे.