रुपयाच्या घसरणीचा भार कोणावर?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अर्थशास्त्रीय लेखनाचा उल्लेख अध्यापकवर्गात आदराने होतो, परंतु रिझर्व्ह बँक त्यांच्या ग्रंथावरून उभी राहिली, या एका विधानापाशीच तो बहुधा थांबतो. हे विधान तपासून घेणे आवश्यक आहे. १९२५ मध्ये भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी साक्ष दिली, आयोगाने १९२६ मध्ये मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी ती बँक सुरू झाली, हे खरे आहे. तथापि चलनात सोन्याचे नाणे असावे ही त्यांची मुख्य मागणी आयोगाने मान्य केली नाही, आणि त्यांच्या संशोधनाचे मोल एखाद्या संस्थेच्या जन्मकथेवर अवलंबूनही नाही.

१९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथाचा विषय चांदीच्या रुपयाची दुरवस्था हा होता. १८७० नंतर चांदी स्वस्त होत गेली आणि दोन शिलिंगांच्या आसपासचा रुपया सव्वा शिलिंगाच्या घरात आला, तेव्हा १८९३ मध्ये सरकारने लोकांची चांदी नाणी पाडण्यासाठी स्वीकारणे बंद केले आणि पुढे सुवर्ण विनिमय पद्धती रूढ झाली. म्हणजे देशात रुपया चालायचा, पण परदेशी देण्यांसाठी त्याचा पौंडाशी असलेला दर सरकार राखायचे. अर्थतज्ज्ञ केन्स यांनी १९१३ मध्ये ही पद्धती काटकसरीची आणि लवचीक म्हणून वाखाणली होती. आंबेडकरांचा आक्षेप असा की, नाणी किती पाडायची याला स्वयंचलित लगाम नसल्यामुळे पौंडाशी दर स्थिर दिसला तरी देशातील किमती स्थिर राहत नाहीत. त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली, पण तीत आपले मतभेदही नोंदवले; असा खुला वाद आज आपल्या प्रबंधांत अभावानेच आढळतो.

बाहेरचा दर आणि आतील क्रयशक्ती, म्हणजे पैशाने प्रत्यक्षात किती माल येतो, यांतील हा फरक धाडच्या परिसरात समजावून देणे सोपे आहे. धाड हे वऱ्हाडाच्या कडेचे गाव. पलीकडे भोकरदनच्या बाजूला निजामाचा मुलूख होता आणि तेथे हाली सिक्का, म्हणजे निजामाचा स्वतःचा रुपया, चालत असे. साधारण सहा इंग्रजी रुपयांना सात हाली, असा दर ठरलेला असला, तरी हाली रुपयात ज्वारी किती येते हे दरावरून कळत नसे.

या संशोधनाचा गाभा मात्र याहून पुढे आहे. रुपया घसरला की निर्यातदाराला पौंडामागे अधिक रुपये मिळतात, म्हणून घसरण देशाच्या हिताची, असे व्यापारीवर्ग म्हणे. आंबेडकरांनी दाखवले की हा लाभ परदेशातून येत नाही. किमती चढतात, मजुरी मागे राहते, आणि एका वर्गाची मिळकत दुसऱ्या वर्गाच्या तोट्यातून निघते. वऱ्हाडच्या कापसाला रुपयांत चढा भाव आला, तरी वेचणीच्या मजुराची रोजची ज्वारी वाढत नाही. चलनधोरणाला वर्गहिताचा हा प्रश्न विचारणे, ही त्यांची स्वतंत्र कामगिरी होय.

हीच दृष्टी त्यांच्या इतर लेखनातही आहे. १९१८ च्या लहान शेतजमिनींवरील निबंधात त्यांनी क्षेत्राचा आकार एकटा न पाहता भांडवल आणि रिकामे पडलेले श्रम यांच्या संदर्भात तपासला आणि उद्योगीकरण सुचवले; १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथात केंद्र आणि प्रांत यांच्यातील महसूलवाटप अभ्यासले.

पदव्युत्तर वर्गांना मौद्रिक अर्थशास्त्र शिकवणाऱ्या अध्यापकांनी हा ग्रंथ नामोल्लेखापुरता न ठेवता त्यातील विनिमय दरावरील प्रकरणे वर्गात वाचून घ्यावीत आणि विद्यार्थ्यांना आपल्याच गावचा कापूस-सोयाबीनचा भाव व वेचणी-निंदणीची मजुरी वर्षानुवर्षे नोंदवण्यास सांगावे. अशा नोंदींवर आधारलेले लेख या मासिकाकडे जरूर पाठवावेत.